मिलिंग मशीन आणि कर्नल ६.१२ : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

लिनक्स कर्नल ६.१२ काल आला. (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.) एरवी नवा कर्नल आला की घरच्या लॅपटॉपवर चढवायचा, वायफाय आणि ब्लूटूथ जिवंत आहेत ना ते बघायचं आणि विसरून जायचं, एवढीच माझी चाचणी. या वेळी तो कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत काकांच्या शेडमध्ये न्यायचा आहे.

कारण प्रीएम्प्ट-आरटी (आरटी म्हणजे रिअल-टाइम). तातडीचं काम आलं की कर्नलनं हातातलं टाकून ठरल्या वेळेत त्याच्याकडे वळलंच पाहिजे, अशी शिस्त लावणारा हा कोड. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रोस्टेड आणि त्यांचे सोबती २००४च्या सुमारापासून त्यामागे आहेत. त्यातले तुकडे एकेक करून मुख्य कर्नलमध्ये जात राहिले. म्युटेक्स (एक प्रकारची कुलपं) तिथून आले, हाय-रेझोल्युशन टायमर (बारीक वेळेचे गजर) तिथून आले, कर्नलच्या आतलं काम टिपणारं एफट्रेसही. पण पूर्ण रिअल-टाइमचं शेवटचं बटण दाबायचं तर पॅच, म्हणजे कोडला लावायचं ठिगळ, बाहेरूनच लावावा लागायचा. या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या परिषदेत ग्लाइक्सनरनं हा कोड आत घ्यायची शेवटची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून लिनक्सच्या जनकाच्या, टोरवाल्ड्सच्या हातात ठेवली. वीस वर्षांनी. आहेर म्हणावा तर असा.

आमचं दुखणं वेगळं. काकांचं उभं मिलिंग मशीन मूळचं हातानं चाक फिरवायचं. २०२१ मध्ये कामं थंड होती तेव्हा आम्ही त्याला टेबल सरकवणारे बॉलस्क्रू आणि कॉम्प्युटरच्या एकेका ठोक्याला एकेक पायरी (स्टेप) फिरणाऱ्या स्टेपर मोटर बसवल्या, एका ऑफिसानं मोडीत काढलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह कॉम्प्युटर आणला, पॅरलल पोर्टचं कार्ड खोचलं आणि डेबियन या लिनक्सवर लिनक्ससीएनसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, चढवला. तेव्हापासून ते पंपाची हाउसिंग करतंय. बिडाची कास्टिंग येतात, आम्ही तोंड सपाट करतो, सहा भोकं पाडतो, झालं.

दिवाळीच्या थोडं आधीपासून शिफ्टला एखाद-दुसरा जॉब बाद जायला लागला. एक्सच्या बाजूला भोकं सरकलेली. आणि सरकतात तीही कशीही नाही. डायल लावला की ०.१० मिलिमीटर, नाहीतर ०.२०. ०.१३ कधी नाही, ०.०७ कधी नाही.

लिनक्ससीएनसीच्या पडद्यावर मधूनच 'अनपेक्षित रिअल-टाइम उशीर' अशा अर्थाची सूचना येते. एका बैठकीत ती एकदाच दाखवतात, त्यामुळे मिस्त्री सकाळी ती बंद करतात आणि दिवसभर पडदा स्वच्छ राहतो. ही गोष्ट मला आज कळली.

काकांना म्हटलं, नवा कर्नल टाकून बघतो. मिस्त्रींनी विचारलं, "कर्नल? मिलिटरीतला?" काकांचं म्हणणं एवढंच: "आकडं मला सांगू नगंस. बाद जॉब थांबणार का, तेवढं बोल."


१९ नोव्हेंबर, मंगळवार

जुन्याची नाडी आधी बघितली. मशीनवर डेबियन १२ आहे, त्यांचा आरटी पॅच लावलेला ६.१ कर्नल. तुलनेसाठी त्याच डेबियनचा साधा कर्नलही चालवला. स्पिंडल बंद, मोटरची वीज बंद, फक्त कॉम्प्युटर.

मोजायला सायक्लिकटेस्ट. हा प्रोग्राम एक मिलिसेकंदाचा गजर लावून झोपतो आणि उठल्यावर किती उशिरा उठलो ते लिहून ठेवतो. चार कोअर, एक तास, म्हणजे एक कोटी चव्वेचाळीस लाख वेळा. सोबत कॉम्प्युटरला छळायला स्ट्रेस-एनजी, गिअर फिरवणाऱ्या त्या जुन्या ग्राफिक्स डेमोच्या चार खिडक्या (लिनक्ससीएनसीवाल्यांचा हा कुळाचार आहे) आणि एका फोल्डरची सतत कॉपी.

साधा कर्नल: सरासरी ४ मायक्रोसेकंद, सर्वात वाईट १,८४६.
आरटी ६.१: सरासरी ३, सर्वात वाईट ३०९.

सरासरी बघायची सवय आम्हा वेब सर्व्हरवाल्यांची. शंभरात नव्व्याण्णव ग्राहकांना पान लवकर मिळालं की आम्ही खूश. इथे कोटीभर वेळा वेळेवर उठून एकदा झोप लागली, तर त्या एकदाचं भोक काकांच्या टेबलावर दिसतं. आरटी ६.१च्या उशिरांच्या आलेखात तर गंमतच आहे: ५८च्या पुढे काहीच नाही, मोकळं मैदान, आणि एकदम ३०९ला एक एकटा खांब. एका तासात तीन वेळा.

आता हिशेब. मोटरच्या एका फेरीत २०० पूर्ण स्टेप, ड्रायव्हर एका स्टेपचे ८ भाग करतो, म्हणजे १,६००. स्क्रूची पिच ५ मिलिमीटर. मिलिमीटरला ३२० स्टेप. कापताना टेबल मिनिटाला २०० मिलिमीटर सरकतं, तेव्हा दोन स्टेपमध्ये साधारण ९४० मायक्रोसेकंद असतात. ३०९चा उशीर मोटर सहज पोटात घेते. पण एका भोकावरून दुसऱ्यावर जलद चालीनं जाताना, मिनिटाला १,२०० मिलिमीटर, हे अंतर १५६ मायक्रोसेकंद होतं. तिथे ३०९चा खड्डा पडला तर जवळपास दोन स्टेपचा ठोका चुकतो आणि त्या वेगात मोटरकडे फारसा जोर शिल्लक नसतो. तिचा हात सुटतो.

आणि स्टेपर मोटरचा हात सुटला की ती पुन्हा कुठेही पकडत नाही, चार पूर्ण स्टेपच्या पटीतच पकडते. चार पूर्ण स्टेप म्हणजे आमच्या स्क्रूवर किती? ०.१० मिलिमीटर. नेमकं.

हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा शेडमध्ये मी एकटाच हसत होतो. बॉलस्क्रू ढिला, कपलिंग सरकतं, फिक्स्चर हलतं, हे दीड महिन्यात सगळं करून झालं होतं. यांतलं काहीही ०.१०च्या पटीत चुकत नाही.

(जलद चाल फाइलमध्ये १,२०० दिसते. मी ८०० ठेवली होती असं मला वाटतं. पण माझ्या आठवणीवर किती विसंबायचं.)

निदान मी आजच करून टाकलं: ६.१च्या पॅचमध्ये कुठेतरी कच्चा दुवा आहे, ६.१२ मध्ये तो नसेल.


२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शेड बंद. सकाळी साडेआठला शाई लावून आलो आणि घरच्या मशीनवर कर्नल बांधायला बसलो.

सोर्सचं गाठोडं दीडशे एमबीच्या आसपास. कारखान्यातल्या कॉम्प्युटरचा कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, मी कालच आणला होता, साध्या डेबियन कर्नलचा. नुसता तो घेतला तर जगातल्या यच्चयावत हार्डवेअरचे ड्रायव्हर बांधत बसावं लागतं, म्हणून 'लोकलमॉडकॉन्फिग' वापरलं. त्या मशीनवर त्या क्षणी जी मॉड्यूल (कर्नलला लागतील तसे जोडायचे तुकडे) चढलेली होती तेवढीच ठेवायची, बाकी गाळायची. हे वाक्य लिहून ठेवतो, उद्या लागेल.

मग मेनूत प्रीएम्प्शनच्या पर्यायांमध्ये गेलो. तीन पर्याय: सर्व्हर, डेस्कटॉप, कमी लेटन्सीचा (कमी उशिराचा) डेस्कटॉप. चौथा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो नाहीच. वीस मिनिटं चुकीचं गाठोडं उतरवलं की काय म्हणून तपासत बसलो. चूक माझीच. पूर्ण रिअल-टाइमचा पर्याय 'तज्ज्ञांसाठी' असलेली एक वेगळी खूण चालू केल्याशिवाय दिसतच नाही. ती खूण केली आणि चौथी ओळ उगवली. लपवण्यामागचं कारण मला पटतं. हा पर्याय सगळ्यांना फुकटात मिळणारा वेग नाही. एकूण काम थोडं हळूच होतं, फक्त वेळेवर होतं. लॅपटॉपवर सिनेमा बघणाऱ्यानं तो घेण्यात अर्थ नाही. ६.१२ मध्ये चालतो एक्स-८६, आर्म-६४ आणि रिस्क-फाइव्ह या जातींच्या प्रोसेसरवर.

बांधणी सुरू केली आणि काही मिनिटांत थांबली. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये त्यांच्या सहीच्या प्रमाणपत्राचा पत्ता लिहिलेला असतो, ती फाइल आपल्याकडे कुठून असणार. रकाना रिकामा केला. पुन्हा सुरू. या वेळी डिस्क भरली, कारण डीबगची माहिती चालूच राहिली होती. ती बंद केली. तिसऱ्या खेपेला चहा, आंघोळ, जेवण आटोपेपर्यंत डेबियनला चालेल असं पॅकेज तयार होऊन पडलं होतं.

६.१२ मध्ये आणखी बरंच आहे. कुणाचं काम कधी चालवायचं ते ठरवणारा शेड्यूलर बीपीएफ प्रोग्राम (कर्नलमध्ये बाहेरून घालता येणारा छोटा कोड) म्हणून लिहून देता येतो, कर्नल कोसळला तर पडद्यावर क्यूआर कोड दाखवायची सोय आलीय. क्यूआरसाठी रस्ट या भाषेची साधनं लागतात, तिकडे गेलोच नाही. मिस्त्रींच्या हातात आधीच पैसे द्यायचे दोन क्यूआर आहेत.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत नवा कर्नल चढवला. पहिल्या फटक्यात उठला. कर्नलच्या ओळखीच्या ओळीत 'प्रीएम्प्ट-आरटी' हे शब्द, पुढे बाहेरून लावलेल्या पॅचचं नाव नाही. वीस वर्षांचं काम, आणि दिसायला एवढंच.

मिस्त्रींनी जॉबचा प्रोग्राम असलेला पेनड्राइव्ह लावला. काही झालं नाही. काढून दुसऱ्या भोकात लावला. काही नाही.

"तुझ्या कर्नलला पेनड्राइव्ह चालत न्हाई व्हय?"

चालत नाही. कारण मी कॉन्फिग आणला त्या दिवशी मशीनला पेनड्राइव्ह लावलेलाच नव्हता, त्यामुळे त्याचं मॉड्यूल चढलेलं नव्हतं, त्यामुळे काल ते गाळलं गेलं. काल लिहून ठेवलेलं वाक्य वर आहेच. पॅरलल पोर्टचं तरी शिल्लक होतं हे नशीब. संध्याकाळी घरी जाऊन पेनड्राइव्ह, त्याच्यावर लागणाऱ्या फाइल सिस्टिम आणि सावधगिरी म्हणून यूएसबी-सिरियल, एवढं परत घालून पुन्हा बांधलं. दिवसभर मशीन जुन्यावरच चाललं. एक जॉब बाद.


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा बांध. पेनड्राइव्ह लागला.

चाचणी चालू असताना मिस्त्री शेजारी येऊन बसले आणि विचारलं, हे नवीन काय करतंय नेमकं. मी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो, कारण इतकं बरं मला पुन्हा सांगता येईल असं नाही.

समजा शेडमध्ये १९ नंबरचा पाना एकच आहे आणि तो हेल्परच्या हातात आहे. तुम्हाला स्पिंडल खोलायचाय, पाना हवाय, म्हणून तुम्ही थांबलात. हेल्पर दोन मिनिटांत देणारच असतो. तेवढ्यात पेंटिंगवाला त्याला म्हणतो, अरे जरा डबा धर. पेंटिंगवाला हेल्परपेक्षा वरचा, त्यामुळे हेल्पर पाना खिशात घालून डबा धरतो. आता मिस्त्री कुणासाठी थांबले? पेंटिंगवाल्यासाठी, ज्याचा पान्याशी काडीचा संबंध नाही. आरटीमध्ये नियम असा: मिस्त्री पान्यासाठी थांबले, की पाना परत येईपर्यंत हेल्परचा मान मिस्त्रींएवढा. त्याला मधे कुणी डबा धरायला लावायचं नाही.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात याच कारणानं कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीसेट होत होता. पृथ्वीवरून हाच नियम चालू केला तेव्हा थांबला. तिथे लिनक्स नव्हतं, दुसरी प्रणाली होती, पण पाना तोच.

कर्नलमध्ये अशा पान्याला कुलूप म्हणतात: एका वेळी एकालाच मिळतं. आरटी कर्नल हा नियम जवळजवळ प्रत्येक कुलपाला लावतो. जिथे साधा कर्नल कुलपापुढे जागच्या जागी गरगरत राहतो तिथे हा झोपतो आणि दुसऱ्याला वाट देतो. हार्डवेअरच्या हाकांना (इंटरप्ट) उत्तर द्यायचं कामही धाग्यांकडे (थ्रेड) सोपवतो, म्हणजे त्यांनाही रांगेत उभं करता येतं. शेवटपर्यंत अडलं ते पडद्यावर आणि सिरियल पोर्टवर ओळ छापण्याच्या कोडपाशी. कर्नलनं नुसतं 'मला लागलं' असं म्हणण्यात सगळ्यांची वाट अडत होती. ते सोडवायलाच कित्येक वर्षं गेली.

मिस्त्री म्हणाले, "आमच्यात बी हाच नियम पायजे."

एक तास झाला. निकाल:

सरासरी ३. सर्वात वाईट ३११.

खांब जागच्या जागी. ५२च्या पुढे मोकळं मैदान, मग ३११. काल वाटत होतं त्याच्या अगदी उलट. ६.१चा पॅच आणि ६.१२ चा मूळ कोड यांत माझ्या कामापुरता फरक शून्य, आणि विचार केला तर असायलाही नको होता. तोच कोड दारातून आत आलाय, एवढंच. मी सोमवारपासून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करत होतो.

६.१२.१ पण आला. चढवला नाही.


२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस. दुपारनंतर बाहेर गुलाल आणि फटाके, पोरं गेली. काम झालं नाही.


२४ नोव्हेंबर, रविवार

दोन वेगवेगळे कर्नल एकाच जागी अडखळतात, तर खड्डा रस्त्यात असणार, गाडीत नाही. हे शुक्रवारीच सुचायला हवं होतं.

आरटीच्या चाचण्यांच्याच पेटीत हार्डवेअरचा उशीर शोधणारं एक साधन असतं. ते कर्नलमधल्या एका ट्रेसरला सांगतं: सगळ्या हाका बंद कर आणि नुसतं घड्याळाकडे बघत बस. त्या अवस्थेत कर्नलमधलं काहीच मधे येऊ शकत नाही. तरीही घड्याळ मधेच उडी मारून पुढे गेलं, तर वेळ कर्नलच्या बाहेर कुणीतरी नेली.

पहिली दहा मिनिटं काही नाही. दोन तास ठेवलं. सात उड्या, २९० ते ३१५च्या दरम्यान.

ही एसएमआय, सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे त्यातच भरलेला प्रोग्राम, प्रोसेसरला अशी एक हाक मारतं जी कर्नलला ऐकूच येत नाही. मालकानं कामगाराला केबिनमध्ये बोलावून घ्यावं, पाच मिनिटांनी परत सोडावं आणि मुकादमाच्या वहीत तो पूर्ण वेळ हजर असावा, असा प्रकार. मुकादम कितीही कडक असो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या हाकांची मोजणी ठेवणारा एक रजिस्टर आहे, टर्बोस्टॅट हा प्रोग्राम त्याचा रकाना दाखवतो. तो रकाना उघडा ठेवला आणि शेजारी सायक्लिकटेस्ट. रकाना वाढला की ३०० वरचा खांब. प्रत्येक वेळी.

मग बायोस, म्हणजे त्या फर्मवेअरची सेटिंग. एका वेळी एकच बदल, दोन तास चाचणी, मग पुढचा. तिन्ही एकदम बदलले असते तर अर्ध्या दिवसात झालं असतं आणि कुणाचा गुण आला ते कधीच कळलं नसतं. आधी प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या पायऱ्या बंद केल्या: खांब तसाच. मग पंख्याचा वेग आपोआप बदलणं बंद: तसाच. मग 'यूएसबी लेगसी', म्हणजे जुन्या प्रणालींना यूएसबी कीबोर्ड साध्या कीबोर्डसारखा भासवण्याची सोय. लिनक्स उठल्यावर फर्मवेअरनं यूएसबीचा ताबा सोडायला हवा. आमचं सोडत नव्हतं बहुतेक.

बंद केलं. दोन तास. रकाना हललाच नाही. सर्वात वाईट ४९.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. बाहेर हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, एकावर जोरात गाणी. घरी फोन करून सांगितलं, येतोय.


२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मिस्त्रींना विचारलं, जलद चाल ८०० होती ना हो?

"हुती की. दिवाळीच्या गडबडीत माल द्यायचा हुता, मीच बाराशे केली. चांगलं पळतंय म्हणून ठेवली तशीच."

८०० वर दोन स्टेपमधलं अंतर २३४ मायक्रोसेकंद आणि मोटरच्या हातात जोरही जास्त. तीन वर्षं फर्मवेअर वेळ चोरत होतं आणि मोटर ते निभावून नेत होती. बाराशेला तिचा नाइलाज झाला. मिस्त्रींची चूक म्हणवत नाही. मशीननं एवढं पळायला हवंच.

दहा वाजता वीज गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर आपोआप चालू झाला, कर्नल निवडायचा मेनू आला, मी जुना निवडायला खालचा बाण दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पाच सेकंद संपले आणि ६.१२ सुरू झाला.

अर्थात. लेगसी बंद म्हणजे लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर चढेपर्यंत यूएसबी कीबोर्ड म्हणजे लाकडाची फळी. मेनूत तो दिसणारच नाही. उठलेल्या लिनक्समधून 'पुढच्या वेळी जुना घे' असं सांगता येतं, पण लिनक्स उठलाच नाही तर? बायोसमध्ये परत जायचं तरी कसं?

मागे जांभळं, गोल टोकाचं पीएस-टू भोक आहे. त्यात लावायला कीबोर्ड हवा. काका माळ्यावर चढले. जुन्या बिलांच्या गठ्ठ्यांमागून एक काढला. मूळचा पांढरा असावा, आता चहाच्या रंगाचा, बटणांच्या फटींत बिडाचा भुगा. 'ई' नाही, त्याच्या जागी नुसता रबर. लावला. मेनूत बाण हलला.


१ डिसेंबर, रविवार

काल रात्रभर चाचणी, बारा तास. चौथा कोअर बाकी कामांपासून बाजूला काढून ठेवला. लिनक्ससीएनसी आपलं तातडीचं काम शेवटच्या कोअरवरच टाकतं. त्या कोअरवर सर्वात वाईट २३ मायक्रोसेकंद. बाकी तिघांवर ५१.

मग खरी परीक्षा. टेबलाच्या कडेला डायल लावला, शून्य केला, आणि एक्सला तीनशे मिलिमीटर जा-ये करणारा प्रोग्राम लिहिला, १,२००च्या चालीनं, हजार फेऱ्या. फेरीला अर्धं मिनिट, म्हणजे आठ तासांच्या वर. शंभर फेऱ्यांनी टेबल डायलपाशी येऊन थांबतं, मी वाचतो, पुढे. काटा दर वेळी शून्याच्या एका रेघेच्या आत. हजाराव्या फेरीलाही. रेघ म्हणजे दहा मायक्रॉन, ती तर दुपारी शेड तापल्यावर तशीही हलते.

काका दोन वेळा येऊन गेले. दुसऱ्यांदा डायलवर वाकून बघितलं, बोटानं टेबल ढकलून बघितलं, आणि काही न बोलता गेले.


७ डिसेंबर, शनिवार

आठवडाभरात एक्स सरकून बाद झालेला जॉब एकही नाही. (एक बाद झाला, पण तो ड्रिल तुटून. त्यात कर्नलचा हात नाही.)

या आठवड्यात ६.१२ दीर्घ मुदतीची आवृत्ती म्हणून जाहीर झाली. ग्रेग क्रोआ-हार्टमन ती सांभाळणार, जाहीर करताना मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची सांगितली होती. त्यामुळे आता ठरवायचं होतं की मशीनवर कायमचं काय ठेवायचं.

आज जी चाचणी राहिली होती ती केली. जुना आरटी ६.१, पण लेगसी यूएसबी बंद, चौथा कोअर बाजूला. सर्वात वाईट २६.

तेवीस आणि सव्वीस. म्हणजे काकांच्या मशीनला नव्या कर्नलची गरजच नव्हती. हे लिहिताना थोडं जड जातंय, कारण दोन वेळा बांधला. पण नवा आणला नसता तर मी जुन्यालाच शिव्या देत बसलो असतो, कदाचित महागडं कार्ड घेऊन टाकलं असतं, आणि फर्मवेअर आपलं मजेत वेळ खात राहिलं असतं. दोन्हीकडे तोच ३००चा खांब दिसला, म्हणून बायोसपर्यंत गेलो.

निर्णय: कामाला डेबियनचाच ६.१ आरटी. त्याचे सुरक्षेचे सुधार आपोआप येतात. माझा स्वतःचा बांध ठेवला तर दर सुधाराला मला शिरोलीला यावं लागेल आणि दर खेपेला काहीतरी गाळून येईन. ६.१२ मेनूत दुसऱ्या ओळीवर राहील. माझ्या घरच्या मशीनवर मात्र पुढे ६.१२च.

काकांना सांगितलं, जुनंच ठेवतोय. "मग तीन आठवडं काय केलंस?" म्हणाले. मी डायलकडे बोट दाखवलं.


१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती, मिस्त्री नृसिंहवाडीला. मशीन बंद होतं म्हणून आज सकाळी येऊन उरलेलं केलं: बायोसच्या तिन्ही सेटिंगचे फोटो काढून छापले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले. झोपेच्या पायऱ्या आणि पंखा परत होते तसे केले. त्यांचा दोष नव्हता. पुन्हा दोन तास, टर्बोस्टॅटचा रकाना स्थिर.

जलद चाल १,०००वर ठरली. माझं ८००, मिस्त्रींचं १,२००.

पीएस-टू कीबोर्ड कुणी तरी नेईल म्हणून मिस्त्रींनी तो परवाच बाइंडिंग तारेनं पॅनेलला बांधून टाकलाय आणि वर मार्करनं लिहिलंय, "काढू नये. कर्नलचा आहे."